जुन्या मालिकेचा सातबारा कोणाच्या नावावर? गावात पडदा लावण्याआधी हक्क शोधायची रीत

धानाचे पुंजणे रचून झाले, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात, मंडईचे (गावजत्रेचे) दिवस येतात. एक रात्र नाटकाची, एक रात्र दंडारीची (लोकनाट्याची), हा आमच्या गावचा शिरस्ता. मागच्या वर्षी मंडळाच्या पोरांनी तिसऱ्या रात्रीसाठी वेगळंच काढलं. शाळेच्या पटांगणात पडदा लावायचा, ब्रह्मपुरीहून प्रोजेक्टर भाड्याने आणायचा आणि दूरदर्शनवरच्या एखाद्या जुन्या विनोदी मालिकेचे सहा भाग ओळीने दाखवायचे. मी गावच्या वाचनालयाचं काम पाहतो, म्हणून ते माझ्याकडे आले. मी विचारलं, परवानगीचं काय? एकजण म्हणाला, "यूट्यूबवर त आहे जी सगळी, मंग कोनाले विचाराचं?"

प्रश्न बरोबर होता. कोणाला विचारायचं, हेच तर शोधायचं होतं, आणि त्यात माझे चार महिने गेले. ती वाट इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या गावच्या मंडळाला, वाचनालयाला किंवा जुन्या मालिकांवर व्हिडिओ करणाऱ्या पोरांना ती कामाची आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. शेताचा मालक शोधायचा तर तलाठ्याकडे सातबारा मिळतो. मालिकेला सातबारा नसतो. असतात ते फक्त फेरफार: कोणी विकलं, कोणी मक्त्याने दिलं, कोण वारलं, कोणती कंपनी कोणात विलीन झाली. ते एकापुढे एक लावत जायचं आणि शेवटच्या फेरफारावर ज्याचं नाव असेल त्याच्या दारात उभं राहायचं. आणि ज्याला वितरणाचा हक्क म्हणतात तो बहुतेक वेळा मक्ता असतो, मालकी नसते. शेत एकाचं, पेरतो दुसरा. मक्त्याची मुदत संपली की शेत परत मालकाकडे.

तुम्हाला नेमकं काय करायचं आहे?

घरच्यांबरोबर बघायचं असेल तर हा लेख मिटवा आणि खुशाल बघा. पण पटांगणात गाव बसवायचं असेल, तर कायद्याच्या भाषेत तो 'जनतेला संप्रेषण' करण्याचा प्रकार होतो. चित्रित कृतीच्या बाबतीत हा हक्क प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ च्या कलम १४ ने मालकालाच दिला आहे. कायद्याच्या लेखी टीव्ही मालिका म्हणजे 'सिनेमॅटोग्राफ फिल्म'च. व्हिडिओवर चित्रित केली म्हणून ती वेगळी ठरत नाही.

"आपण तिकीट लावत नाही, मग परवानगी कशाला?" हे मला किमान दहा जणांनी ऐकवलं. ह्या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती जात नाही. कलम ५२ मध्ये हौशी मंडळांना सवलत आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर चालतो. पण ती सवलत साहित्य, नाटक आणि संगीत ह्यांच्या प्रयोगाला आहे, चित्रित मालिकेला नाही. धार्मिक समारंभासाठी जी सवलत आहे, तिच्यातही फिल्म बसत नाही. म्हणजे गणपतीच्या मांडवात पोरांनी नाटक बसवलं तर एक नियम, आणि त्याच मांडवात मालिका लावली तर दुसरा.

शाळेला मात्र कायद्याने खरंच मोकळीक दिली आहे. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात फिल्म दाखवता येते, अट एवढीच की प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे आईवडील किंवा पालक आणि संस्थेच्या उपक्रमाशी संबंधित माणसं. जिल्हा परिषदेच्या शाळेने स्नेहसंमेलनात आपल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना दोन भाग दाखवले तर कोणाला पत्र लिहायची गरज नाही. गावाला खुलं आमंत्रण दिलं, की मोकळीक संपली.

आणि यूट्यूब. तिथे मालिका खुद्द मालकाने टाकलेली असली तरी यूट्यूबच्या अटींनुसार ती वैयक्तिक, बिगरव्यापारी पाहण्यासाठी आहे. सार्वजनिक पडद्यावर लावायला त्या अटी स्पष्ट मनाई करतात. पैसे भरून घेतलेल्या ओटीटीच्या वर्गणीचंही सहसा असंच असतं. ती घरापुरती असते.

एका नाटकात किती जणांचा वाटा असतो?

हक्कांचे थर समजून घ्यायला झाडीपट्टीच्या माणसाला शहरात जायची गरज नाही. वडशाहून कंपनीचं नाटक गावात येतं तेव्हा संहिता लेखकाची असते, प्रयोग कंपनीचा असतो, गाणी आणखी कोणाची, आणि आपलं मंडळ घेतं ते फक्त एका गावातल्या एका रात्रीचा ठेका. त्या ठेक्यावर आपण तेच नाटक दुसऱ्या रात्री शेजारच्या गावात लावू शकत नाही.

मालिकेचंही तसंच. मूळ कथा, पटकथा, शीर्षकगीत आणि चित्रित मालिका हे चार वेगळे जिन्नस आहेत आणि प्रत्येकाचं आयुष्य वेगळं आहे. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. चित्रित मालिकेचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. दोन्हीची मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते.

'चिमणराव गुंड्याभाऊ'वर हे फार स्वच्छ दिसतं. मूळ कथा चिं. वि. जोशी ह्यांच्या. ते १९६३ साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कथांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. आज त्या कथा कोणीही छापाव्या, कोणीही रंगमंचावर आणाव्या. पण दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांची, मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात गाजलेली मालिका ही वेगळी कृती आहे. तिची साठ वर्षं अजून भरलेली नाहीत. कथा मोकळ्या झाल्या म्हणून मालिका मोकळी झाली, असं नाही.

उलट बाजूने 'श्रीयुत गंगाधर टिपरे' घ्या. ही मालिका प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' ह्या पुस्तकावर उभी आहे. तिचे भाग दाखवायचे असतील तर मालिकेच्या हक्कदाराशी बोलायचं. टिपऱ्यांच्या घरावर नवं नाटक लिहायचं असेल तर पुस्तकाच्या लेखकाशी.

पहिलं नाव: निर्माता

प्रताधिकार कायद्यात फिल्मचा 'कर्ता' म्हणजे दिग्दर्शक नाही, नटही नाही, निर्माता. ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. म्हणून शोधाची सुरुवात श्रेयनामावलीपासून करा. शेवटच्या पाट्या पळतात तेव्हा व्हिडिओ थांबवा आणि तीन गोष्टी वहीत उतरवा: निर्माता म्हणून कोणाचं नाव आहे, कोणत्या संस्थेचं नाव आहे, आणि हक्काच्या चिन्हापुढे कोणतं नाव नि वर्ष आहे. एकाच भागावर विसंबू नका. लांबलेल्या मालिकेत निर्माता मध्येच बदललेला असू शकतो. मी पहिला, मधला आणि शेवटचा भाग पाहतो.

त्यानंतर येतो सगळ्यात जास्त चुकणारा टप्पा: मालिका ज्या वाहिनीवर लागली ती वाहिनी मालक होती का?

दूरदर्शनच्या बाबतीत मालिका कोणत्या प्रकारात बनली हे बघावं लागतं. काही कार्यक्रम दूरदर्शनच्या केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांकडून, आपल्या स्टुडिओत केले. ते दूरदर्शनचे, म्हणजे १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आल्यापासून तिच्याकडे. काही कार्यक्रम दूरदर्शनने पैसे देऊन बाहेरच्या निर्मात्याकडून करून घेतले. कलम १७ नुसार मोबदला देऊन फिल्म करून घेणारा हाच पहिला मालक असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. तिसरा प्रकार प्रायोजित मालिकांचा. ऐंशीच्या दशकात साबण-टूथपेस्टवाल्या कंपन्यांच्या पैशावर निर्मात्याने मालिका बनवायची, दूरदर्शनने वेळ द्यायची. अशा मालिकांचे हक्क सहसा निर्मात्याकडेच राहिले.

म्हणूनच मार्च २०२० च्या टाळेबंदीत 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दूरदर्शनवर दिसल्या, एवढ्यावरून त्या दूरदर्शनच्या आहेत असं धरता येत नाही. 'देख भाई देख'ची निर्मिती जया बच्चन ह्यांची आणि 'श्रीमान श्रीमती' अधिकारी बंधूंची. पुनःप्रक्षेपण मक्त्यावरही होतं.

खासगी उपग्रह वाहिन्या आल्या तसा हिशेब बराचसा उलटला. तिथे वाहिनी भागामागे ठरावीक रक्कम देते आणि करारात सगळे हक्क स्वतःकडे घेते, ही सर्रास पद्धत. त्यामुळे २००० नंतरच्या मालिकेसाठी आधी वाहिनीला लिहा, आणि ऐंशी-नव्वदच्या दूरदर्शन मालिकेसाठी आधी निर्मात्याला. ह्या एका नियमाने माझी निम्मी वणवण वाचली असती, पण तो मला उशिरा कळला.

दूरदर्शनची मालिका कोणत्या प्रकारातली हे श्रेयनामावलीवरून कळलं नाही तर माहितीचा अधिकार वापरा. प्रसार भारती सार्वजनिक प्राधिकरण आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, अर्ज ऑनलाइनही करता येतो. कराराची प्रत मागू नका. व्यापारी गोपनीयता सांगून ती नाकारली जाऊ शकते. सरळ विचारा: "सदर मालिका स्वनिर्मित, करारावर करून घेतलेली की प्रायोजित होती? प्रसारणाशिवायचे हक्क आज प्रसार भारतीकडे आहेत काय?" अर्ज मराठीत लिहिला तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी प्रत जोडा; दिल्लीच्या टेबलावर वेळ वाचतो.

फेरफार लावणं

निर्मात्याचं नाव मिळालं म्हणजे पहिला फेरफार मिळाला, शेवटचा नव्हे. निर्मिती कंपनीच्या नावावर असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. कंपनी चालू आहे, बंद झाली, की दुसरीत विलीन झाली, हे तिथे दिसतं. नोंदणीकृत पत्ताही मिळतो. निर्मिती एका माणसाच्या नावावर असेल आणि तो वारला असेल, तर हक्क मृत्युपत्राने किंवा वारसाने पुढे जातात, अगदी शेतासारखे. चार वारस असतील तर एकाच्या सहीवर काम भागवू नका.

दिल्लीच्या प्रताधिकार कार्यालयाच्या नोंदवहीतही शोधून पाहा. पण तिथे नाव सापडलं नाही म्हणून हक्क नाही असा अर्थ लावू नका. नोंदणी आपल्याकडे सक्तीची नाही, आणि हक्क कृती तयार होताच निर्माण होतो.

फेरफारांची साखळी किती लांब जाते ते अमेरिकेतल्या जुन्या विनोदी मालिकांवरून कळतं. 'आय लव्ह लुसी' १९५१ साली सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. ल्युसिल बॉल आणि देसी आर्नाझ ह्यांच्या देसिलू कंपनीने ती फिल्मवर चित्रित केली आणि भागांची मालकी आपल्याकडे राखली. पुढे ते भाग सीबीएसनेच विकत घेतले. १९७० मध्ये अमेरिकी सरकारच्या संपर्क आयोगाने नियम केला, की मोठ्या वाहिन्यांनी पुनःप्रक्षेपणाच्या वितरणातून बाहेर पडावं. त्यामुळे सीबीएसने आपला वितरणविभाग वेगळा काढला आणि १९७१ मध्ये व्हायकॉम ही कंपनी उभी राहिली. 'लुसी'चं वितरण तिच्याकडे गेलं. तो नियम नव्वदच्या दशकात रद्द झाला. व्हायकॉमने १९९४ मध्ये पॅरामाउंट घेतली, नंतर सीबीएसशी एकत्र आली, २००६ पासून वेगळी झाली, २०१९ मध्ये पुन्हा एकत्र आली. कार्यक्रम एकच, भाग तेच, दारावरच्या पाट्या किती बदलल्या बघा.

'द मेरी टायलर मूर शो'चं त्याहून विलक्षण. एमटीएम कंपनीने केलेली ही मालिका १९७० ते १९७७ मध्ये सीबीएसवर लागायची. एमटीएम १९८८ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने घेतली, नंतर एका अमेरिकी कौटुंबिक वाहिनीच्या मालकांनी, १९९७ मध्ये ती फॉक्सकडे गेली आणि २०१९ मध्ये फॉक्सचा तो भाग डिस्नेने घेतला. ज्या वाहिनीवर लोकांनी ती पाहिली त्या वाहिनीचं नाव ह्या साखळीत येतच नाही. 'फ्रेंड्स'ही लागली एनबीसीवर, पण ती आहे वॉर्नर ब्रदर्सची.

करारातल्या चार ओळी

ह्या शोधात मला एका माणसाचा फोन आला. अमुक मालिकेचे "ऑल राइट्स" आपल्याकडे आहेत, रक्कम पाठवा, पत्र देतो, असं म्हणाला. लेटरहेड झकास होतं. मी त्याच्याकडे मूळ करार मागितला. बऱ्याच टाळाटाळीनंतर दोन पानं आली. त्यात फक्त उपग्रह वाहिनीवर दाखवण्याचा हक्क होता, तोही पाच वर्षांसाठी, आणि ती वर्षं केव्हाच सरली होती. मक्ता संपलेला माणूस आम्हाला शेत पेरायला देत होता. मंडळाचे पैसे वाचले ते केवळ कागद मागितला म्हणून.

म्हणून कोणीही हक्क सांगितला की चार गोष्टी कागदावर बघा. एक, हस्तांतर लेखी आणि सहीचं आहे का. कलम १९ नुसार तोंडी हस्तांतर चालत नाही. दोन, मुदत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तीन, प्रदेश. लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. मुदत आणि प्रदेश ह्यांचा हा नियम मे १९९५ नंतरच्या करारांना लागतो. त्याआधीच्या करारात जे लिहिलं असेल तेच नीट वाचावं लागतं.

चार, माध्यम, आणि जुन्या मालिकांचं खरं भांडण इथेच असतं. १९८६ च्या करारात 'इंटरनेट' हा शब्द कुठून असणार? २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिलं, की करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा हक्क त्या माध्यमाचं नाव करारात असल्याशिवाय जात नाही. तुम्हाला पटांगणात दाखवायचं असेल तर पत्रात 'सार्वजनिक प्रदर्शन' हे शब्द हवेत. वाहिनीवर प्रसारणाचा हक्क असलेला माणूस ते देऊ शकेलच असं नाही.

संगीताचं वेगळं विचारा. मालिकेत दुसऱ्यांची गाणी वापरलेली असतील तर त्यांची परवानगी मर्यादित असू शकते. अमेरिकेतल्या 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ह्या रेडिओ केंद्रावरच्या मालिकेत त्या काळची गाजलेली गाणी वाजायची. त्यांच्या परवान्यांची मुदत संपल्यावर पुनःप्रक्षेपणात आणि डीव्हीडीवर बरीच गाणी काढून दुसरं संगीत घालावं लागलं. 'द बेव्हर्ली हिलबिलीज'चे सुरुवातीचे भाग तिथल्या हक्क-नूतनीकरणाच्या नियमात चुकल्याने अमेरिकेत प्रताधिकारातून मुक्त झाले, पण त्यांचं शीर्षकगीत मुक्त झालं नाही. मालक परवानगी देतो म्हणाला, तर त्याच पत्रात "संगीतासह" हा शब्द लिहून घ्या.

पत्र कसं लिहावं

पत्र व्यक्तीच्या नावाने न पाठवता संस्थेच्या नावाने पाठवा. नोंदणीकृत वाचनालय किंवा मंडळ असेल तर नोंदणी क्रमांक टाका. मी पाठवलेला मजकूर असा होता:

"आमच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे मंडईनिमित्त आपल्या मालिकेचे सहा भाग गावातील शाळेच्या पटांगणात एक रात्र विनामूल्य दाखवण्याची इच्छा आहे. अंदाजे चारशे प्रेक्षक असतील. प्रायोजक वा जाहिरात नाही. चित्रीकरण किंवा थेट प्रक्षेपण केले जाणार नाही. ह्या एका सार्वजनिक प्रदर्शनाची, संगीतासह, लेखी परवानगी आपण देऊ शकता काय? हा हक्क सध्या दुसऱ्या कोणाकडे असल्यास कृपया त्यांचे नाव कळवावे. परवानगी दिल्यास भागांची प्रत आपणाकडूनच मिळावी, ही विनंती."

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. नकार देणाराही बहुधा पुढचं नाव सांगतो, म्हणजे पुढचा फेरफार आयता हातात येतो. आणि परवानगी मिळाली तरी प्रत कुठून आणणार? यूट्यूबवरून उतरवलेली धूसर प्रत चारशे माणसांसमोर लावणं मालिकेवरही अन्याय आहे. ईमेल पाठवा, सोबत स्पीड पोस्टाने पत्रही पाठवा. जुन्या निर्मात्यांच्या घरी पोस्टाचं पत्र अजून आस्थेने वाचलं जातं, हा माझा अनुभव. थेट प्रक्षेपण करणार नाही असं लिहिलं तर ते पाळा. मोबाइलवरून कोणी यूट्यूबवर लाइव्ह गेला तर मंडळाच्या चॅनेलला स्ट्राइक (हक्कभंगाची ताकीद) बसू शकतो. नव्वद दिवसांत असे तीन बसले की चॅनेल बंद. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याची परवानगी आणि रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाचा नियम हे वेगळं. ते मंडळांना पाठच असतं.

मालक सापडलाच नाही तर?

कायद्यात कलम ३१अ आहे. कर्ता मयत, अज्ञात किंवा न सापडणारा असेल, किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०२१ मध्ये बौद्धिक संपदेचं अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून हा अर्ज व्यावसायिक न्यायालयाकडे जातो. पुस्तक काढणाऱ्याला, माहितीपट करणाऱ्याला ही वाट परवडेल. एका रात्रीच्या पडद्यासाठी वकील लावायचं मी कोणत्याही मंडळाला सुचवणार नाही. आणि "सापडला नाही, म्हणून लावून टाकू" हेही नाही. कलम ६३ खाली हा फौजदारी गुन्हा आहे, आणि खटला मंडळावर झाला तरी नाव लागतं ते अध्यक्ष-सचिवांचं.

आमचं काय झालं ते सांगतो. ज्या मालिकेसाठी पत्र लिहिलं तिच्या निर्मात्याच्या घरून सात आठवड्यांनी उत्तर आलं. सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क त्यांनी एका कंपनीला दिलेला होता आणि मुदत संपायला आणखी एक वर्ष होतं. कंपनीचं नाव, पत्ता त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, आणि खाली एक ओळ: मुदत संपली की पुन्हा लिहा. ते पत्र वाचनालयाच्या फाइलमध्ये आहे, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडली आहे.

मंडईला तोवर तीन आठवडे राहिले होते. पोरं हिरमुसली. मी कपाटातून चिमणरावाच्या कथांचं जुनं पुस्तक काढून दिलं आणि सांगितलं, हे आता कोणालाच विचारायचं नाही. फक्त मालिकेतले संवाद उचलू नका, पुस्तकातूनच घ्या. रोज रात्री धानाची चुरणी आटोपून ते वाचनालयात जमू लागले. पुण्याचे चिमणराव आमच्याकडे "काय करून राह्यला गा गुंड्याभाऊ" असं बोलले, आणि तिसऱ्या रात्री पटांगणात बसायला जागा उरली नाही.